बारावा शिक्का

सहाला दहा कमी होते आणि गोदाताय अजून आली नव्हती.

भागोजी वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसला होता. एकच बातमी त्यानं चारदा वाचली आणि चारही वेळा ती कशाबद्दल आहे ते त्याला कळलं नाही.

“काय लेखकराव, आज इकडं वाट चुकलात?” काउंटरवरून ग्रंथपाल आंब्रेकाका म्हणाले. “तुमची कादंबरी जोरात आहे हां. आली की गेली, आली की गेली. अकरा शिक्के पडले.”

“हो?” भागोजी म्हणाला. जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

मत्स्यखात्यात तो मासळीचे नमुने मोजायचा. मोजल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास नसे. शहाऐंशी साली त्यानं स्वतःच कादंबरी छापून घेतली. पाचशे प्रतींपैकी चारशे त्रेसष्ट खाटेखाली होत्या. दुकानदार म्हणाले, नाव ऐकलेलं नाही. तेव्हा तीन शनिवार तो याच टेबलाशी बसला आणि लोक पुस्तक कसं निवडतात ते टिपत राहिला. पहिलं पान कोणीच बघत नव्हतं. लोक पुस्तक मागून उघडत आणि तारखांच्या चिठ्ठीवर किती शिक्के आहेत ते पाहत. चिठ्ठी भरलेली असली की पुस्तक काखेत. कोरी असली की परत फळीवर.

त्यातच वाचनालयाचा एक नियम त्याला कळला. वर्षात बारा शिक्के पडलेलं पुस्तक समिती तालुक्यातल्या इतर वाचनालयांना सुचवते. अशी चौतीस वाचनालयं होती. चौतीस गावांत कोणीतरी आपलं पुस्तक उघडेल, या विचारानं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पहिला शिक्का आपोआप पडला होता. तो कोणामुळं, याची त्यानं चौकशी केली नाही. पुढचे दहा त्यानं पाडले. ऑफिसातल्या विठूची मेहुणी, नंतर स्वतः विठू, शेवटी शेजारची तुळसा, असे दर शनिवारी एक. आधीच्यानं पुस्तक परत करायचं, पुढच्यानं लगेच न्यायचं. फळीवर ते राहताच कामा नये. “वाचायची सक्ती नाही,” तो प्रत्येकाला सांगायचा. वाचलं तर चालेल का, असं कोणी विचारलं नाही. संशय नको म्हणून तेव्हापासून तो स्वतः इकडं फिरकला नव्हता. पण आज मुदतीचा शेवटचा दिवस. सहाला समिती बसायची होती आणि बारावा शिक्का त्याच्या थोरल्या बहिणीच्या, गोदातायच्या हातात होता.

गोदाताय धापा टाकत आली. भागोजी दिसताच तिनं तोंड उघडलं, त्यानं डोळे वटारले, तशी ती काउंटरकडं वळली.

“ते खाडीचं पुस्तक द्या काका, तुळसानं मघाशी परत केलं ते. आणि बेगीन द्या. बांगडे उघडे टाकून आलेय, मांजर टपलंय.”

आंब्रेकाकांनी पुस्तक पुढं ओढलं. तेवढ्यात दारातून एक बाई आत आली. पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, पायांवर लाल धूळ.

“आजही गेलं का?” तिनं विचारलं.

“सोनूबाई, तुमचं नशीबच खोटं,” आंब्रेकाका हळहळले. मग गोदातायला म्हणाले, “ह्या नर्सबाई. देवरूखच्या पलीकडून येतात. पुस्तक पहिल्यांदा ह्यांनीच नेलं होतं. आता दहा शनिवार हेलपाटे घालतायत.”

“गावात तापाची साथ आली,” सोनूबाई म्हणाली. “अर्ध्यावरच परत करावं लागलं. चिमा गलबतावर चढते ना, तिथवर आले होते.”

गोदातायनं मान हलवली. चिमा कोण, हे तिला माहीत नव्हतं.

“पण तुम्ही न्या, ताई. आता तेवढी ओढ नाही राहिली. गेल्या शनिवारी विठू म्हणून कोणी पुस्तक परत करायला आले होते, त्यांना शेवट विचारला. गलबत बुडतं म्हणाले. चिमाही बुडते.” ती जरा हसली. “साथीत रात्री उशाशी बसायचे तेव्हा मला तिची आठवण यायची. वाटायचं, ही तरी काठाला लागेल. तिलाही बुडवलीच. नको मग मला.”

आंब्रेकाकांनी शिक्का शाईत दाबला. वरच्या खोलीत समितीच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. सहाला दोन मिनिटं होती. भागोजीला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

“ती बुडत नाही!”

तिघांनी वळून पाहिलं. भागोजी उभा होता.

“वादळात गलबत हाकणारा तांडेल घाबरतो, तेव्हा सुकाणू तीच धरते. दाभोळच्या बंदरात गलबत तीच आणते. सगळी माणसं सुखरूप.”

“अगो बाय! खरंच?” गोदाताय म्हणाली.

सोनूबाई दोन पावलं पुढं आली. तिच्या चेहऱ्यावरचा शीण क्षणभर पुसला गेला, मग कपाळाला आठी पडली.

“पण विठूभाऊंनी तर वाचलंय. इतक्या जणांनी नेलंय.” तिनं भागोजीकडं निरखून पाहिलं. “तुम्ही वाचलंय? शेवटपर्यंत?”

आंब्रेकाकांच्या हातातला शिक्का चिठ्ठीच्या वर थांबला होता. भागोजीनं शिक्क्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

“हो,” तो म्हणाला. “शेवटपर्यंत वाचलेला मी एकटाच.”