पाण्यावरचं आयुष्य

लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवून अवधूत रोज नऊच्या ठोक्याला बिबवेवाडीतून निघायचा. बॅगेत टॉवेल आणि हाफपँट असायची. धरणाच्या पाण्यावर तो लोकांना पॅडलबोर्डवर उभं राहून वल्हवायला शिकवतो, याचा घरी कुणालाच पत्ता नव्हता.

त्या दिवशी एका बड्या आयटी कंपनीची सहल आली. टी-शर्टवरचं नाव वाचून अवधूतने टोपी जरा पुढे ओढली. एचआरच्या मॅडमना बोर्डवर उभंच राहता येईना, म्हणून तो कमरेभर पाण्यात उतरला.

"अहो, घट्ट धरा हं, मी पडेन!"

"नाही पडत. गुडघे सैल ठेवा, समोर बघा."

मॅडम डुगडुगत उभ्या राहिल्या आणि एकदम खुलल्या. "काय मस्त जगता हो तुम्ही! ना मीटिंग, ना टार्गेट. नशीब लागतं असं आयुष्य मिळायला."

अवधूत बोर्ड धरून तसाच उभा राहिला. आवाज रोज कानात वाजणारा होता. चेहरा मात्र तो आज पहिल्यांदाच पाहत होता.



दहा महिन्यांपूर्वी त्याला नोकरीवरून काढताना मॅडमनी कॅमेरा बंद ठेवला होता.