कार्ड घरी राहिलं

पाठीवरच्या टाकीत जादा ऑक्सिजनची हवा घेऊन समुद्रात उतरायला वेगळं शिकावं लागतं, त्याचं कार्ड मिळतं. जावईबापू काही शिकले नव्हते, पण मेहुण्यांसमोर मागे कोण राहणार? "कार्ड घरी राहिलं," त्यांनी ठोकून दिलं.

"असू द्या हो," बोटीचा मालक म्हणाला, "आपण चेहऱ्यावरून माणूस ओळखतो."

खाली खाली जाताना त्यांना आठवलं, ठराविक खोलीनंतर हीच हवा विष होते. पण किती खोलीनंतर? पाण्यात लिहायच्या पाटीवर तोच प्रश्न लिहून त्यांनी सोबत उतरलेल्या बोटीच्या गाईडसमोर धरला.

गाईडचे डोळे विस्फारले. त्याने खाली उत्तर लिहिलं,

 

"मालकांनी मलाही चेहऱ्यावरूनच कामावर ठेवलंय."