गाडीचं उद्घाटन

सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरून बुधीनं अडलेल्या सुनेला झोळीत घालून दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, "इथं जमायचं नाही. कल्याणला न्या."

दारात नवीकोरी रुग्णवाहिका उभीच होती, नवरीला लाजवील अशी नटलेली. गळ्यात हार, तोंडासमोर लाल फीत.

"मग हिच्यातूनच न्या की," बुधी म्हणाली.

"अजून फीत नाय कापली, आजी. आमदारसाहेब निघालेत," डायवर म्हणाला.

साहेबांचं निघणं काही संपेना. नर्स ओवाळायची ताटं घेऊन फाटकात उभ्या. शेवटी सून गाडीमागच्या मातीतच बाळंत झाली.

मग साहेब आले, भाषण झालं. "यापुढं तालुक्यातली एकही माउली गाडीवाचून खोळंबणार नाही." टाळ्या पडल्या. साहेबांनी तबकाकडं हात नेला, तर तबक रिकामं.

"कात्री कुठाय?"

गाडीमागून बुधी आली आणि तिनं रक्तानं माखलेली कात्री साहेबांपुढं धरली.

"घ्या. हिनंच नातवाची नाळ कापली. आता तुमची चिंधी कापा लवकर, सुनेचं रगत थांबत नाय."