फुटली की वाढली?

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. रहस्यकथांचं संमेलन आहे, सभागृह भरलंय, आणि व्यासपीठावर केळुसकरबाई आपली नवी, अजून न छापलेली कथा वाचताहेत. शेवटचं प्रकरण राखून ठेवून त्यांनी विचारलं, "सांगा बरं, खून कोणी केला?"

दुसऱ्या रांगेतल्या शाल्मलीचा हात वर गेला. "खाली कर," दादा कुजबुजला, "चुकलीस तर सगळे हसतील." पण तिला राहवेना.

"बांगड्या भरणारा कासार," ती उभी राहून म्हणाली. "तो पोलिसांना सांगतो, 'वहिनींची बांगडी फुटली.' आमचे कासारकाका असं अशुभ कधीच बोलत नाहीत. ते 'बांगडी वाढली' म्हणतात. म्हणजे हा खरा कासार नाहीच, त्याने सोंग घेतलंय."

कोणी हसलं नाही. उलट टाळ्या पडल्या. "पोरीने पकडला की हो त्याला," मागून कोणीतरी म्हणालं.

केळुसकरबाईंनी मात्र कागद पुन्हा वाचला आणि कपाळाला हात लावला. "अगं, तो खराच कासार आहे, आणि अगदी निर्दोष आहे. चूक माझी. लिहिताना माझ्या लक्षातच आलं नाही."

शाल्मलीचा चेहरा उतरला. तिच्या एका बोलण्यावर अख्ख्या सभागृहाने एका भल्या माणसाला खुनी ठरवलं होतं. तिने दप्तरातून पेन्सिल काढली, व्यासपीठावर जाऊन बाईंच्या कागदावरचं 'फुटली' खोडलं, वर 'वाढली' लिहिलं, आणि माइकमध्ये सगळ्यांना सांगितलं, "सोडा त्याला. त्याने काही केलेलं नाही."