जयराजचा आकडा

"टोपी काढ बघू बाळा. टोपीसकट उंची धरली, की सगळं गणित चुकतं आमचं."

भाग्यश्रीनं हात पुढं केला, तोवर राजेश्वरीनंच लेकराची टोपी काढली. डोकं तासून गुळगुळीत केलेलं.

"उवा लय झाल्या हुत्या, ताई."

काळा गॉगल तसाच राहिला. या आजारात डोळ्यांत उजेड खुपतो. तीन वर्षांत जयराजला गॉगलाशिवाय भाग्यश्रीनं कधी पाहिलंच नव्हतं. जतकडच्या टँकरच्या गावातनं दर तीन महिन्यांनी ही मायलेकरं सांगलीच्या दवाखान्यात यायची. मागची खेप तेवढी चुकली होती. आजही लेकरानं पाण्याची मोठी बाटली पोटाशी धरलेली, अंगाला औषधाच्या कॅप्सूलचा कुजक्या अंड्यासारखा वास. वास तोच, तहान तीच.

आजार आईबापाच्या रक्तातनं आलेला, लाखात एखाद्याच्या वाट्याला येणारा. अंगात बारीक बारीक खडे साठतात आणि किडनी हळूहळू बाद होते. कॅप्सूल वेळेवर पोटात गेल्या तर पोर तगतं. या कॅप्सूल एका संस्थेकडून फुकट यायच्या, पण ज्याचं नाव यादीत, त्यालाच. भाग्यश्रीनं किडनीचा आकडा, उंची, वजन पाठवलं की पुढचा डबा यायचा. श्रावणात राजेश्वरीचा फोन आला होता, यादीत नवं नाव घालता येतंय का म्हणून. शेजारच्या वस्तीवर एक पोर हाय, म्हणाली. "यादी बंद झाली गं बाई," असं भाग्यश्रीनं फोनवरच सांगून टाकलं होतं. नंतर दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नव्हतं.

उंची भरली एकशे चार. मागं लिहिलेली एकशे सहा.

"मी पण एक शहाणीच! मागं चपलांसकट उभं केलं असणार याला." ती स्वतःवरच करवादली आणि पुन्हा मोजलं. एकशे चारच.

सुई टोचली तरी लेकरू हूं की चूं करेना. एरवी जयराज बडबड करून डोकं उठवायचा आणि बरणीतल्या लिमलेटच्या दोन गोळ्या घेतल्याशिवाय हलायचा नाही. एक तोंडात, दुसरी खिशात. "पियूला," म्हणायचा. पियू म्हणजे घरची धाकटी बहीण, प्रियदर्शनी.

"आज का रे गप्प?"

"घसा बसलाय त्याचा," राजेश्वरी म्हणाली.

भाग्यश्रीच्या टेबलाच्या खालच्या खणात पांढऱ्या नाडीनं बांधलेल्या पाच फायली होत्या. पाच पोरं. त्यांची नावं ती मोठ्यानं घेत नसे, पण खण उघडताना कुणीतरी आतनं बघतंय असं तिला वाटायचं. जयराजची सहावी होणार, हे भय तिच्या मानगुटीवर बसलं होतं. शंभराच्या आसपास पाहिजे, तिथं गेल्या वेळी त्याचा आकडा एकतीस आला होता. भाकरी थापतानासुद्धा तो एकतीस तिच्या डोळ्यांपुढं यायचा.

दुपारी रिपोर्ट आला. अठ्ठ्याहत्तर.

तिनं उरलेलं रक्त पुन्हा मशीनला लावलं. अठ्ठ्याहत्तर. कागद घेऊन ती पळतच डॉक्टरांकडं गेली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "किडनी अशी माघारी येत नसते, भाग्यश्री. एक तर आपली चूक, नाहीतर चमत्कार. त्यांना जाऊ देऊ नका. मी पुण्याला फोन लावतो. सगळ्यांनी बघावं असं पोर आहे हे."

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "राजेश्वरी! अगं, अठ्ठ्याहत्तर आलेत!"

राजेश्वरीनं लेकराला जवळ ओढलं.

"कमी लिवा की, ताई."

"काय?"

"तुमच्या पाया पडते. एकतीसच लिवा. न्हाईतर तीस."

"खुळी का काय तू! पुण्याचे मोठे डॉक्टर येणार आहेत. जयराजचे जुने फोटो, जुने कागद, सगळं लावून बघणार आहेत."

"नगं! कुणी याया नगं. आमाला फकस्त डबा द्या, आमी जातो. डब्याबिगर घरी न्हाई जायाची मी." तिनं भाग्यश्रीचं मनगट घट्ट धरलं.

दृष्ट लागेल म्हणून भीत असेल बिचारी, भाग्यश्रीच्या मनात आलं. लेकराचं भलं झालेलं चारचौघांत बोललं की आयांना धास्ती वाटतेच. तिलाही दोन लेकरं होती, तिला ठाऊक होतं. तिनं हळूच मनगट सोडवून घेतलं आणि बरणी उघडली.

"घे रे राजा. आज मूठभर घे!"

लेकरानं मोजून दोनच घेतल्या. एक तोंडात टाकली, दुसरी चड्डीच्या खिशात घातली. भाग्यश्रीला भरून आलं. सहावी फाईल नाही होणार आता, नाही होणार. ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्याच्या गालावरनं हात फिरवला.

"खिशातली पियूला ना?"

राजेश्वरी ताडकन उठली. पण तोवर लेकरानं मान हलवली होती, आणि गोळी गालात सरकवून, बारीक आवाजात सांगूनही टाकलं होतं.

"न्हाई. पियूनं खाल्ली. ही दादाच्या फोटोम्होरं ठिवायची."