लोखंडी दारावरच्या थापा

दूरच्या एका बेटावर, गुलामांसारखं राबवलेल्या मजुरांनी मळ्याच्या मालकाला बायकोमुलांसकट कोयत्यांनी कापून काढलं. सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागात राहणाऱ्या, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या मधुवंतीनं ती बातमी वाचली आणि तिच्या हातातला चहा तसाच निवून गेला.

दुपारपर्यंत तिनं घरातल्या सगळ्या सुऱ्या कुलपात टाकल्या. पाच वर्षं घर सांभाळणाऱ्या मोलकरणीचा, सुमियातीचा फोन काढून घेतला. "का, मॅडम?" असं तिनं विचारताच मधुवंतीनं तिच्या थोबाडीत मारली, तिला खिडकी नसलेल्या कोठीच्या खोलीत ढकललं आणि लोखंडी दाराला बाहेरून कडी घातली.

लगेच दारावर धडाधड थापा पडू लागल्या. एका माणसाच्या नव्हेत, पन्नासेक माणसांच्या. मधुवंतीनं कान गच्च दाबून धरले, पण थापा थांबेनात. शेवटी कपडे वाळत घालायचा बांबू उगारून तिनं कडी काढली.

सुमियाती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. तिचा ओठ फुटला होता.

"किती जण आहेत आत?" मधुवंती किंचाळली.

"मी एकटीच, मॅडम. थापा तर बाहेरून पडत होत्या. मला वाटलं, मला मारायला तुम्ही माणसं जमवलीत."

मधुवंतीनं वळून दाराची बाहेरची बाजू पाहिली. कडी काढताना कोऱ्या असलेल्या त्या लोखंडावर रक्तानं माखलेले पंजे एकावर एक उमटले होते, आणि तिच्यादेखत नवे उमटत होते.