शेवटचा वाटा

"बस करा आता!" काळुराम ओरडला आणि त्याने देवळाच्या पायरीवर तीन खडे मांडले.

सकाळपासून गावाचं नुसतं गुऱ्हाळ चाललं होतं. रोह्याकडच्या कारखान्यांचा विषारी गाळ पुरायला जागा हवी होती. सरकारी साहेबांनी तीन जागा दाखवल्या आणि "यातली एक तुमची तुम्ही ठरवा" असं म्हणून हात झटकले. एक वरच्या आळीचं गुरचरण, दुसरी खालच्या आळीची पडीक खारजमीन आणि तिसरी मिठागरवाडीमागची बंद पडलेली मिठागरं. वरच्या आळीचा हरेश खाली बोट दाखवून ओरडत होता आणि खालच्या आळीचा निलेश वर बोट दाखवून. 'नको' म्हणायचं कोणाला सुचतच नव्हतं. सगळे 'तिकडे टाका' एवढंच म्हणत होते. काळुरामच्या डोक्याची शिरन् शिर उडत होती.

शेवटी दोघांनीही त्यालाच पुढे केलं. खाडीच्या बांधाच्या उघाडीला, म्हणजे पाण्याच्या दाराला, जाळं लावून गावाने मिळून मासे धरले की वाटे काळुरामनेच पाडायचे. वाटे पाडणाऱ्याने शेवटी उचलायचं, ही गावाची रीत. उरेल तो वाटा आपल्याच गळ्यात पडणार म्हटल्यावर मापात पाप कोण करील? काळुरामच्या वाट्यांना आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. याचा त्याला भारी अभिमान होता आणि तो लपवायची त्याला सवय नव्हती.

"हे तीन खडे म्हणजे तीन जागा," तो म्हणाला. "उचलाल ती जागा वाचली. र्‍हाईल तिथं गाळ. आणि मग माझं डोकं खाऊ नका."

हरेशने झडप घालून गुरचरणाचा खडा उचलला. निलेशने खारजमिनीचा उचलला. पायरीवर मिठागरांचा खडा तेवढा राहिला. झालं, मिटलं! दोन्ही आळ्यांना एकदम हायसं वाटलं. सकाळपासून एकमेकांचं तोंड न पाहणारे दोघे एकमेकांना तंबाखू देऊ लागले. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"काळुरामदादा," मागून आवाज आला.

मिठागरवाडीची चंद्रावती होती. सकाळपासून ती पिंपळाखाली उभी होती आणि तिला कोणी बसही म्हटलं नव्हतं. तसं वाडीला कशातच कोणी धरत नसे. उघाडीवर जाळं ओढायला वाडीची माणसं लागत, पण वाट्यात त्यांचं नाव नसे. वाटे उचलून झाले की उरलेली बारीक मासळी त्यांच्या टोपलीत पडे. वाडीला गोड्या पाण्याची एकच विहीर होती आणि ती त्या बंद मिठागरांना लागूनच होती. हे साहेबांना ठाऊक नसेल, पण गावाला चांगलं ठाऊक होतं.

"तुला काय झालं गो आता?" काळुराम वैतागून म्हणाला. "मिटलंय सगळं."

"मिटलं ना, मंग बरंच झालं. येक इचारते फक्त. वाटं तुमी पाडलं?"

"व्हय. मीच पाडलं."

"आमची वाडी तर वाट्यात नव्हतीच. कंदीच नसते. मंग तो शेवटचा वाटा तुमचा. रीतच हाय गावाची." तिने पायरीवरच्या खड्याकडे पाहिलं. "तर दादा, आमच्या इहिरीवर र्‍हायला कवा येताय?"

हरेश खवळला. "अगो, ती रीत मासळीची! मासळीचं वेगळं नि याचं वेगळं. काळुरामदादा, तू ऐकू नकोस तिचं."

पण काळुरामने ऐकलं होतं. तो मघापासून त्या खड्याकडेच बघत होता. शेवटचा वाटा घेऊन घेऊन त्याने गावात नाव कमावलं होतं. त्यात त्याचं कधी काय गेलं होतं? शेवटच्या वाट्यातही मासळीच असायची. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि लाज वाटल्यामुळे तो अधिकच चिडला.

"खडे परत ठेवा," तो म्हणाला. "फिरून मांडतो. पयला हात हिचा."

हरेश आभाळाकडे बघू लागला. निलेशने खडा धरलेला हात पाठीमागे नेला. ठेवायला कोणीच पुढे आलं नाही.

"नाय ठेवत? बरं."

काळुरामने वाकून तिसरा खडा उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"अहो, हे काय?" साहेबांचं पेन हवेतच राहिलं.

"माझा वाटा. त्यांनी त्यांच्या जागा वाचवल्या, मी माझी वाचवली."

"मग गाळ टाकायचा कुठे?"

काळुरामने रिकाम्या पायरीवरची धूळ हाताने झटकली.

"ज्याची घाण हाय त्याला इचारा, साहेब. आमचं सगळ्यांचं उचलून झालं."